डोक्याला मार लागला की त्या दिवसाचा खेळ संपला

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम जवळ आला की आमच्या शाळेत जन्मतारखेचे दाखले, ओळखपत्रे आणि प्रवेशिका यांची धावपळ सुरू होते. मी विज्ञान शिकवते. परंतु मुलींच्या संघासोबत एक शिक्षिका जावी लागते आणि ते काम बहुधा माझ्याकडेच येते. त्यामुळे मैदानाच्या कडेला बसून सामने पाहणे आणि त्याच मुलींना दुसऱ्या दिवशी वर्गात पाहणे, हे दोन्ही माझ्या वाट्याला येते. या दोन्ही जागांवरून पाहिल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये आणि ते कधी उतरेल याचा निर्णय, सामन्याच्या निकालात ज्यांचा जीव गुंतलेला आहे अशा कोणाच्याही हाती ठेवू नये. प्रशिक्षक, पालक आणि ते मूल स्वतः, हे तिघेही त्यात आले.

एका खो-खोच्या सामन्यात आमची एक मुलगी आक्रमण करत होती. समोरची खेळाडू खांबाला वळसा घालून निसटत असताना हिने खांबावर सूर मारला, पण हात किंचित उशिरा पोहोचला आणि कानाच्या वरची बाजू खांबावर आदळली. ती पडली, लगेच उठली, माती झटकली आणि धावू लागली. ती बेशुद्ध पडली नव्हती, रक्त आले नव्हते, रडणे तर दूरच राहिले. त्यानंतर खो देऊन ती चौकोनात बसली, ती मात्र चुकीच्या बाजूला तोंड करून. खो-खोत शेजारशेजारचे खेळाडू परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, हे पाचवीपासून खेळणाऱ्या मुलीला कोणी सांगावे लागत नाही. कडेने आवाज आला, "लक्ष कुठंय तुझं?" ती दचकून वळली. पुढे तिला खो मिळाला तेव्हा ती उठलीच नाही. मी क्रीडाशिक्षक सरांना गाठून तिला बाहेर घ्यायला लावले. माझ्या शेजारी बसल्यावर तिने विचारले, "मॅडम, टॉस कोण जिंकलं?" मी सांगितले. थोड्या वेळाने तिने तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारला आणि त्यालाच जोडून म्हणाली, "मला काही झालं नाही, सोडा की मला परत."

मेंदूला बसलेल्या ज्या हादऱ्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात, त्याचे हे अगदी नेहमीचे रूप आहे. त्यात बहुतेकांची शुद्ध हरपत नाही. दह्याचा डबा एसटीत हातातून पडला तर डब्याला पोचाही येत नाही, पण आतले दही मोडते; कवटीच्या आत द्रवात असलेल्या मेंदूचेही असेच होते. डोके वेगात थांबले किंवा गर्रकन वळले की मेंदू आत हलतो, पिळवटतो आणि त्याच्या पेशींचे काम काही काळ विस्कळीत होते. त्यासाठी डोक्यावरच आघात व्हावा लागतो असेही नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याला तिघांनी साखळी करून आडवे केले आणि मानेला जोराचा झटका बसला, तरी तेवढे पुरते. सीटी स्कॅन काढतात तो कवटीचे हाड मोडले आहे का, आत रक्तस्राव आहे का, हे पाहण्यासाठी. कन्कशन त्यात सहसा दिसत नाही. म्हणून "स्कॅन नॉर्मल आला, आता उद्याची मॅच खेळू दे" हे वाक्य ऐकले की मला काळजी वाटते.

सोलापुरात या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती आपल्या उन्हाची आहे. पावसाळा सरला की ऑक्टोबरच्या उन्हात सामने होतात आणि मे महिन्यातली शिबिरे तर पारा 40 अंशांच्या वर असताना भरतात. डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे ही लक्षणे ऊन लागल्यावरही होतात आणि मेंदूला हादरा बसल्यावरही होतात. परिणामी मैदानावर कोणी डोके धरून बसले की आपला निष्कर्ष ठरलेला असतो: ऊन लागले, लिंबू-सरबत द्या, सावलीत बसवा, दहा मिनिटांत ठीक होईल. माझा आग्रह असा आहे की त्या मुलाच्या डोक्याला, तोंडाला किंवा मानेला मार लागल्याचे कोणी पाहिले असेल, तर उन्हाचे कारण बाजूला ठेवावे आणि प्रथम डोक्याचाच विचार करावा.

लक्षणे तासाभराने किंवा रात्री उमटू शकतात, हे पालकांना पटवणे सर्वांत अवघड जाते. डिसेंबर 2020 मध्ये कॅनबेराच्या ट्वेंटी-20 सामन्यात शेवटच्या षटकात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला. त्याने डाव पूर्ण खेळला, नंतर त्याला भोवळ जाणवू लागली आणि त्याच्या जागी युजवेंद्र चहल उतरला. क्रिकेटपटू रमण लांबा यांची हकीकत याहून गंभीर आहे. फेब्रुवारी 1998 मध्ये ढाक्यात फॉरवर्ड शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटविना उभे असताना त्यांच्या डोक्यावर चेंडू आदळला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले आणि तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. कवटीच्या आत सावकाश रक्त साचत असेल तर माणूस आधी नीट बोलतो, चालतो आणि मग खालावतो. म्हणून वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, असंबद्ध बोलणे, उठवूनही न उठणारी गुंगी, हातापायातील अशक्तपणा किंवा मुंग्या, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधला फरक, मानेत तीव्र वेदना यांपैकी एकही गोष्ट दिसली तर घरी नेऊन वाट पाहू नये. 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. अशा मुलाला दंडांना धरून उभे करणे, तोंडात पाणी घालणे, कांदा हुंगवणे हे प्रकार थांबले पाहिजेत. मानेला इजा असेल तर नुसते उठवण्यानेही कायमचे नुकसान होऊ शकते.

त्या मुलीच्या घरी मी संध्याकाळी गेले. तिची आई विड्या वळते, घरात तेलुगू बोलतात. डॉक्टरांनी दिलेला सूचनांचा कागद इंग्रजीत होता आणि तो देवाच्या फोटोमागे जपून ठेवलेला होता. शेजारच्या मुलीला मध्ये घेऊन आम्ही त्यातली एकेक ओळ आईला समजावून सांगितली. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरे आहेत. खेळाडूंच्या पालकांना द्यायचे माहितीपत्रक या चारही भाषांत नसेल, तर ते दिले काय आणि न दिले काय, सारखेच आहे.

आता निर्णय कोणाचा, याकडे येते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात 2006 मध्ये झॅकरी लिस्टेट नावाचा तेरा वर्षांचा मुलगा अमेरिकन फुटबॉल खेळताना डोक्यावर पडला. त्याच सामन्यात तो पुन्हा उतरला आणि सामना संपल्यावर कोसळला. मेंदूतल्या रक्तस्रावाने त्याला दीर्घकाळचे अपंगत्व आले. 2009 मध्ये त्या राज्याने त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला: पालकांना आधी लेखी माहिती द्यायची, शंका येताच खेळाडूला बाहेर काढायचे आणि वैद्यकीय व्यावसायिकाच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. 2014 पर्यंत तिथल्या पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. पहिल्या हादऱ्यातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा बसला, तर क्वचित प्रसंगी मेंदूला झपाट्याने सूज येते आणि जीव जातो. हा धोका प्रामुख्याने किशोरवयीन मुलांना असतो, म्हणजे आपल्या 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांना.

आपल्याकडे मुले दुखणे लपवतात, त्यामागची कारणे समजून घेतली पाहिजेत. ठरावीक स्तरापर्यंत पोहोचलेल्या खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. यंत्रमाग कामगाराच्या मुलाला ते गुण आणि पुढची क्रीडा कोट्यातली नोकरी केवढी मोठी वाटते, हे मी वर्गात रोज पाहते. अशा मुलाला "खेळशील का?" असे विचारणे हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण त्याचे उत्तर "हो" असेच येणार. क्रिकेटला डोक्याच्या दुखापतीसाठी बदली खेळाडू देण्याचा नियम आंतरराष्ट्रीय सामन्यांत 1 ऑगस्ट 2019 पासून करावा लागला. कबड्डी आणि खो-खोत राखीव खेळाडू प्रथमपासूनच बाकावर बसलेले असतात. मुलाला बाहेर घेतले म्हणून संघ अपुरा पडत नाही, तेव्हा आपल्याला ही सबबही उरत नाही.

वर्गातल्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ती मुलगी दोन दिवसांनी शाळेत आली तेव्हा फळ्यावरची आकृती उतरवताना मध्येच डोळे मिटून घेत होती, मधल्या सुट्टीच्या गोंगाटात कानांवर हात ठेवत होती आणि एरवी तोंडपाठ असलेल्या सूत्रात अडखळत होती. कारण माहीत नसलेल्या शिक्षकाने याला आळस म्हटले असते. पूर्वी अशा मुलाला अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. खेळातल्या कन्कशनवर 2022 मध्ये झालेल्या ॲमस्टरडॅम परिषदेतल्या तज्ज्ञांच्या सहमतीनुसार पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती (म्हणजे अगदी पडून न राहता श्रम कमी करणे), मोबाइलचा कमीत कमी वापर, घरातल्या घरात हलके चालणे-फिरणे आणि मग टप्प्याटप्प्याने वाढ, असा क्रम योग्य मानला जातो. आधी पूर्ण वेळ शाळा झेपली पाहिजे, त्यानंतर खेळात परतण्याचे सहा टप्पे येतात. प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस द्यायचा आणि अंगाला अंग भिडणाऱ्या सरावाआधी डॉक्टरांची संमती घ्यायची. मुलांना पूर्ण बरे व्हायला चार आठवडेही लागू शकतात. या काळात आम्ही तिला वह्या पूर्ण करण्याची सक्ती केली नाही, चाचणी पुढे ढकलली आणि तिला खिडकीपासून दूर बसवले.

साधने आणि मैदान यांविषयी थोडेच सांगते. सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगर यांनी 1962 मध्ये बार्बाडोसला, वेगवान गोलंदाज ग्रिफिथच्या चेंडूने कवटी फुटलेल्या भारताच्या कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्यासाठी रक्त दिले होते. तेव्हा फलंदाज हेल्मेटविना खेळत. हेल्मेट कवटी वाचवते, म्हणून ते नीट मापाचे आणि पट्टा लावलेले असलेच पाहिजे. पण आतला मेंदू हलण्याचे ते थांबवू शकत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे. सरावात खो-खोच्या खांबांना जाड फोम बांधता येतो. उन्हाने टणक झालेले कबड्डीचे मैदान खणून, खडे वेचून, पाणी मारून मऊ करता येते. पकडीत मान धरणे किंवा डोके खाली करून घुसणे हे वस्तादांनी आणि सरांनी सरावातच रोखायला हवे.

यंदा आम्ही प्रवेशिकेसोबत पालकांच्या सहीचे एक पान जोडले आहे. डोक्याला मार लागल्यास त्या दिवशी परत खेळवणार नाही, डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय सराव सुरू होणार नाही आणि तोवर वर्गशिक्षकांना कळवले जाईल, एवढेच त्यात लिहिले आहे. सामन्याला जाताना संघाबरोबर खेळाशी संबंध नसलेली एक व्यक्ती असेल आणि खेळाडूला बाहेर बोलावण्याचा तिचा शब्द अखेरचा राहील, हे आमच्या क्रीडाशिक्षकांनी स्वतःहून मान्य केले आहे. पानाचा मराठी मजकूर तयार आहे. तेलुगू आणि कन्नड मजकूर पालकच करून देत आहेत. उर्दूसाठी मदत करू शकणाऱ्यांनी मला जरूर कळवावे. इतर शाळांना हे पान जसेच्या तसे वापरायचे असेल, तर मी आनंदाने पाठवीन.