कागदावर लिहून द्या

"मॅडम, सर्टिफिकेट पाहिजे. वहिनी आईला मारते." खुर्चीत टेकायच्या आधीच लेकीनं मोबाईल माझ्यापुढे धरला. फोटोत म्हाताऱ्या माणसाचे दोन हात, कोपरापासून मनगटापर्यंत जांभळे डाग. ती रात्रीच पुण्याहून आली होती आणि माझ्याकडून थेट पोलीस ठाण्यात जाणार होती. आजी शेजारी बसलेल्या, हात पदराखाली. सून दाराबाहेर औषधांची पिशवी धरून उभी.

सातारा जिल्ह्यात त्वचारोगाची ओपीडी करते, त्याला बावीस वर्षं झाली. तरी क्षणभर मलाही शंका आलीच. घरात म्हाताऱ्यांना मारहाण होते, ती मी पाहिली आहे. म्हणून लेकीलाही बाहेर बसवलं आणि आजींना एकटीला विचारलं.

"कोण मारतंय? तीच न्हाऊ घालती मला," एवढंच बोलल्या.

भीतीपोटीही माणूस असं बोलतो. त्यामुळे सिस्टरला सोबत घेऊन सगळं अंग तपासलं. पाठ, मांड्या, दंडाची आतली बाजू, कानामागं. मारलेल्या माणसाच्या खुणा अशा जागी सापडतात. दंड धरून हिसडलं तर बोटांचे वळ उठतात. तसं काहीच नव्हतं. पाठीवर मेण चिकटवल्यासारखे तपकिरी, खडबडीत मस, पोटावर मोहरीएवढे लाल तीळ, मानेला चामखिळी. उतारवयात बहुतेकांच्या अंगावर दिसतं ते, निरुपद्रवी.

मग हात घेतले. डागावर काचेची पट्टी दाबली, रंग हटला नाही. म्हणजे रक्त शिरेबाहेर पडून कातडीत साचलेलं. सूज नाही, दाबलं तरी दुखत नाही. जुने डाग मुक्या मारासारखे हिरवे-पिवळे न होता तांबूस तपकिरी होऊन राहिलेले. चोळीची बाही वर सरकवली आणि मी थांबलेच. बाहीनं झाकलेली कातडी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही मऊ, भरलेली. जिथं बाही संपते तिथून खाली कांद्याच्या पापुद्र्यासारखी. एकाच बाईचा एकच हात, मध्ये रेघ मारल्यासारखा फरक. आजींचा जन्म हळदीच्या रानात, उन्हात गेला होता.

दोघींना आत बोलावलं आणि तो हात दाखवतच सांगितलं. वयानं आणि उन्हानं कातडीतलं कोलॅजन झिजतं, शिरांखालची गादी जाते. मग बांगडी घासली, पलंगाची कड लागली, उठवताना हात जरा ओढला गेला, तरी बारीक शीर फुटते. थॉमस बेटमन या इंग्रज डॉक्टरनं १८१८ मध्येच हे लिहून ठेवलं आहे. आजही या डागांना त्याचं नाव आहे.

औषधं बघायला पिशवी मागितली. हृदयासाठीची रक्त पातळ करणारी गोळी होतीच; तिनं असे डाग वाढतात, पण ती आपल्या मनानं बंद करायची नाही, हे मी दोनदा बजावलं. तळाशी एक ट्यूब होती, अर्धी संपलेली. स्टेरॉइडची.

"ही कुणी दिली?"

सून खाली बघत म्हणाली, "वन्संनीच पाठवली होती. आत्याबाईंना खाज सुटायची ना. मी रोज दोन वेळा लावते."

लेकीचा चेहरा उतरला. पण तिचीही चूक कशी म्हणू? मेडिकलमध्ये मागितलं की अशी ट्यूब सहज हातात ठेवतात. ती महिनोन्‌महिने चोळली तर कातडी आणखी पातळ होते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आजींची खाज कोरडेपणाची होती. तिला कोमट पाण्याची आंघोळ, साबण कमी आणि अंग ओलसर असतानाच साधं व्हॅसलीन पुरतं. पूर्ण बाह्यांचा झंपर घालायलाही सांगितलं. हिरड्यांतून रक्त किंवा काळी शौच झाली तर मात्र लगेच यायचं.

प्लेटलेट तपासायला रक्त पाठवलं. संध्याकाळी रिपोर्ट नॉर्मल आला. तो न्यायला सून एकटीच आली. रिपोर्ट पिशवीत ठेवला, तरी जाईना.

"मॅडम, वन्संना पटलं. पण गल्लीत बायका बोलतात. दोन महिने झाले, नळावर गेले की गप्प होतात. कागदावर लिहून द्याल?"

लेटरहेड घेतलं. मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं, की हे डाग वयामुळे आणि उन्हामुळे आले आहेत, अंगावर मारहाणीची कोणतीही खूण नाही, मी स्वतः तपासलं आहे. खाली सही केली, शिक्का मारला. तिनं तिथंच उभं राहून तो दोनदा वाचला आणि घडी न घालता, तसाच हातात धरून नेला.