भावाच्या हमीपत्रावर माझी सही

भावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 नुसार चोरीसारख्या प्रकरणात सापडलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड करता येत नाही. हेच कलम पुढं आमच्या कामी आलं.

आई गेली तेव्हा मी 11 वर्षांची होते आणि तो 6. वडील आधीच गेलेले. बाल कल्याण समितीनं मला मुलींच्या बालगृहात ठेवलं आणि त्याला मुलांच्या. 18 पूर्ण झाल्यावर मी पत्र्याची पेटी आणि शाळेचे दाखले घेऊन बाहेर पडले आणि सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत हळदीच्या पॅकिंगला लागले. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांना 18 नंतर पायावर उभं राहायला आर्थिक मदत देता येते, त्याला अनुरक्षण म्हणतात आणि ते कायद्याच्या कलम 46 मध्ये आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. कळलं तेव्हा मी 23 वर्षांची होते आणि माझी वेळ निघून गेली होती. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

दहावी झाल्यावर भाऊ माझ्याकडं राहायला आला. एक खोली, माझी 12 तासांची ड्यूटी आणि तो दिवसभर एकटा. 17 वर्षांचा असताना दोन पोरांबरोबर मोटारसायकल चोरीत सापडला आणि त्याची रवानगी निरीक्षण गृहात, म्हणजे चौकशी होईपर्यंत अशा मुलांना ठेवतात तिथं, झाली.

नातेवाईक म्हणाले, राहू दे तिथंच, अद्दल घडेल. मीही घाबरून चार दिवस गेले नाही. ते चार दिवस मी विसरू शकत नाही, कारण मुलांच्या बाबतीत जामिनावर सोडणं हा नियम आहे आणि ठेवून घेणं हा अपवाद, एवढं माहीत असतं तर मी पहिल्याच दिवशी गेले असते. घेऊन जायला कुणी आलं नाही म्हणून तो आत होता.

अशा मुलांची प्रकरणं बाल न्याय मंडळ चालवतं. त्याच्यासमोर जाताना माझ्या डोळ्यांसमोर सिनेमातलं कोर्ट होतं. तिथं साधं टेबल होतं. एक न्यायाधीश आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात एक बाई. मुलाला उभं करायला कठडा नाही. मुलाच्या घरची परिस्थिती बघून मंडळाला कळवणाऱ्या परिवीक्षा अधिकारी मॅडम आधी आमच्या खोलीवर येऊन गेल्या होत्या. शेजारी कोण, मी किती वाजता परत येते, तो दुपारी काय खातो, सगळं त्यांनी विचारलं. सामाजिक तपासणी अहवाल म्हणतात तो हाच. मी काही लपवलं नाही. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना माझं सांगणं आहे, या अहवालाच्या वेळी खरं बोला. तो रात्री अकरापर्यंत बाहेर असायचा हे मी सांगितलं, म्हणूनच मॅडमनी लिहिलं की याला दिवसभराचं शिक्षण मिळालं पाहिजे.

चौकशी साडेतीन महिन्यांत संपली. त्याला परिवीक्षेवर, म्हणजे आत न ठेवता माझ्या देखरेखीखाली घरी, सोडायचं ठरलं. त्यासाठी त्याच्या चांगल्या वर्तणुकीची हमी मी लिहून द्यायची होती. मी ड्यूटीवरून तशीच गेले होते. सही केली तेव्हा कागदाच्या कडेला माझ्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला. मी पदरानं पुसायला गेले तर तो आणखी पसरला. मॅडम म्हणाल्या, "राहू दे गं, चांगलाच आहे तो." बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "अक्का, माझ्यासाठनं तू लिहून दिलंस व्हय?" तेवढंच बोलला. घरी येईपर्यंत गप्प होता.

आयटीआयच्या प्रवेशासाठी आम्ही इतर कुठल्याही मुलासारखाच ऑनलाइन अर्ज केला. फिटर ट्रेड, दोन वर्षांचा. अडलं ते पालकाच्या रकान्यात. एका टेबलावर मला सांगितलं, आई-वडील नाहीत तर पालक कोण ते सिद्ध करा, बहीण चालणार नाही. दोन दिवस गेले. शेवटी मंडळाच्या आदेशाची प्रत परिवीक्षा अधिकारी मॅडमनी बघितली आणि म्हणाल्या, ही सगळीकडं दाखवत फिरू नकोस, यातून त्याचा इतिहास उघड होईल. त्याऐवजी त्यांनी आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, रेशन कार्ड आणि माझं प्रतिज्ञापत्र जोडायला लावलं. त्यावर काम झालं. हे माझ्या एकटीच्या डोक्यात कधीच आलं नसतं.

पहिले काही महिने त्याच्या हातात फक्त कानस. लोखंडाची एक चौकोनी पट्टी, ती घासून सपाट करायची आणि कडा काटकोनात आणायच्या. तो पट्टी घरी घेऊन यायचा. रात्री जेवण झाल्यावर तिच्या कडेला काटकोन तपासायचा गुण्या लावायचा आणि दोन्ही बल्बसमोर धरायचा. मधून उजेड दिसला की तेवढ्या जागी अजून घासायचं. मला म्हणायचा, "बघ अक्का, हितं उजेड दिसतोय का?" मी डोळा लावून बघायची. एके रात्री कुठंच उजेड दिसेना. तो बराच वेळ तसाच धरून बसला होता. त्या दिवसानंतर चोरीतल्या त्या दोन पोरांचा विषय मी त्याच्याकडं कधी काढला नाही, गरजच पडली नाही.

परिवीक्षेची मुदत एक वर्ष होती, ती संपली. आयटीआय झाल्यावर वर्षभर अप्रेंटिस. महिन्याला सात हजारांच्या आसपास स्टायपेंड मिळायचा.

खरी परीक्षा त्यानंतर होती. एका कारखान्यात निवड झाली आणि फॉर्मवर ओळ आली, ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?’ शिवाय पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. तो फॉर्म घेऊन घरी आला आणि म्हणाला, "मी जाणार न्हाई तिथं. लिहिलं तर घेणार न्हाईत, न लिहिलं तर खोटं." तीन वर्षं कानस मारलेला मुलगा एका ओळीवर अडकला होता. एका पोलीस ठाण्यात चौकशी केली तर सांगण्यात आलं, जुनी नोंद आहे, ती दाखवावी लागेल.

मी त्याला घेऊन सांगलीत विजयनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. महिलांना आणि मुलांना तिथं वकील मोफत मिळतो. वकीलबाईंनी कायद्याचं पुस्तक उघडून माझ्याच हातात दिलं. कलम 74 चं दुसरं पोटकलम. प्रकरण निकाली निघालेलं असेल तर चारित्र्य दाखल्यासाठी किंवा इतर कारणासाठी पोलिसांनी बालकाची नोंद उघड करायची नाही. आणि कलम 24. कायद्यानुसार ज्या मुलाचं प्रकरण निकाली निघालं, त्याला दोषी ठरवलं म्हणून पुढं कुठलीही अपात्रता चिकटत नाही. (अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालला तर नियम वेगळे आहेत. आमचं प्रकरण तसं नव्हतं.) मी ते दोनदा वाचलं. तो बाजूला उभा राहून तिसऱ्यांदा वाचत होता, बोट ठेवून.

वकीलबाईंनी पत्र दिलं. पोलीस ठाण्यातल्या दुसऱ्या साहेबांनी ते नीट वाचलं आणि दाखला दिला. त्या ओळीपुढं काय लिहायचं हेही वकीलबाईंनीच त्याला समजावून सांगितलं. आता तो कुपवाडमध्येच फिटर आहे. आमच्या दोघांच्या पाळ्या जुळतात त्या आठवड्यात एकाच गाडीवरून जातो.

मागच्या महिन्यात माझ्या बालगृहातल्या एका मुलीचा फोन आला. डिसेंबरमध्ये तिला 18 पूर्ण होतात. मी तिला विचारलं, बँकेत खातं आहे का, आधारवर पत्ता कुठला आहे, तुझा वैयक्तिक काळजी आराखडा कुणी वाचून दाखवला का. तिला शेवटचं माहीतच नव्हतं. तो प्रत्येक मुलाचा करावा लागतो आणि बाहेर पडल्यावर काय करायचं तेही त्यात यायला हवं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत अनुरक्षणासाठी महिन्याला 4,000 रुपयांची तरतूद आहे. पण त्याची हालचाल 18 पूर्ण व्हायच्या आधी सुरू व्हायला हवी, बाहेर पडल्यावर नाही. सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षात तिच्या अधीक्षिकाबाई येणार आहेत, तिथं मी आणि भाऊही असू. तिला शिवणकाम नको, वायरमन व्हायचं आहे. भाऊ म्हणाला, त्या ट्रेडचं सगळं मी विचारून ठेवतो.