नखांतला हिरवा धागा

ठाण्यात नौपाड्यातील ती सोसायटी चार मजल्यांची, सोळा बिऱ्हाडांची आणि लिफ्ट नसलेली आहे. तिथल्या मांजरांचा वाद आमच्या धर्मादाय चिकित्सालयाकडे आला तेव्हा तो दोन वर्षे मुरलेला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे काकू म्हणतात, रोज रात्री जिन्याखाली भातात मांदेली कालवून मांजरांना घालीत. तळमजल्यावरचे काका त्याविरुद्ध सोसायटीकडे अर्जांवर अर्ज करीत. पोलीस एकदा येऊन दोघांना ‘आपसात मिटवा’ असे सांगून गेले होते. नोटीस बोर्डावर मांजरांना खायला घालणाऱ्यास ५०० रुपये दंडाचा कागद लागला होता आणि त्याखाली काकूंनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात आपले उत्तर चिकटवले होते.

मी पशुवैद्य आहे आणि गेली अठरा वर्षे मुख्यतः भटक्या मांजरांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया करतो. अशा वादांत माझ्याकडून एका बाजूचा वकील होण्याची अपेक्षा असते. पण काकांची तक्रार खोटी नव्हती. त्यांच्या शयनगृहाच्या खिडकीखाली दोन धिप्पाड बोके आपली हद्द आखण्यासाठी रोज मूत्राची पिचकारी मारीत होते, आणि तो दर्प एकदा भिंतीत मुरला की फिनेलने धुऊनही जात नाही. रात्री ठेवलेल्या कागदी ताटल्या सकाळपर्यंत तिथेच राहत, त्यामुळे उंदीर आणि झुरळे यांची सोय होई. काकांची सून गरोदर होती आणि कोणीतरी तिला मांजरांमुळे गर्भाला धोका असतो एवढेच अर्धवट सांगितले होते. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, तो अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो, आणि मातीत हात घातल्यावर ते नीट धुतले तर जिन्याखालून जाणाऱ्या मांजराची भीती बाळगण्याचे कारण नाही, हे मी त्यांच्या घरी बसून समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. त्यापूर्वी त्यांच्याशी दोन वर्षांत कोणी बसून बोललेच नव्हते.

काकूंच्या बाजूने कायदा होता. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्ये वस्तीतल्या प्राण्यांना अन्न देण्यासाठी जागा आणि वेळ ठरवून देण्याची जबाबदारी रहिवाशांच्या संघटनेवरच टाकलेली आहे. ती जागा जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याची जागा यांपासून दूर असावी, असेही त्यात म्हटले आहे. काकू या नियमाचा पहिला भाग वाचून दाखवीत, दुसरा वाचत नसत. सेक्रेटरींनी दोन्ही भाग वाचले नव्हते. मला सर्वांत जास्त राग खायला घालणाऱ्यांच्या एका सवयीचा येतो, तो इथे लिहून टाकतो. पाच-पाच वर्षे न चुकता ताटल्या भरणारी माणसे पिंजरा लावायची वेळ आली की ‘मला बघवत नाही’ म्हणून दार लावून घेतात. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, सुमारे नऊ आठवड्यांनी विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. नसबंदी न करता केवळ अन्न घालीत राहिले की मांजरे वाढतात, आणि मांजरांबरोबर शेजाऱ्यांची कटुताही वाढत जाते.

काकूंनी मात्र दार लावून घेतले नाही. त्यांनी आमचा अर्ज भरला, अकरा मांजरांची रंगांसह यादी दिली आणि आदल्या रात्री ताटल्या ठेवायच्या नाहीत ही आमची अट मान्य केली, कारण पोट भरलेले मांजर पिंजऱ्याकडे वळत नाही आणि भुलीखाली ओकारी झाली तर जिवावर बेतते. अर्जात एक प्रश्न असतो : सध्या कोणती मांजरी व्यायलेली आहे का? त्यापुढे त्यांनी ‘नाही’ असे लिहिले.

डिसेंबरातल्या त्या रविवारी आमचा पकडणारा मुलगा पहाटे पाच वाजता पिंजरे घेऊन पोहोचला. त्याच्या कामाविषयी लोकांना काहीच कल्पना नसते. पिंजऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्र अंथरले नाही तर पायाखाली जाळी लागताच मांजर परत फिरते. भाजलेल्या सुकटीचा एक तुकडा दाराबाहेर, एक उंबऱ्यावर आणि उरलेला ऐवज पार मागच्या, पाय पडताच दार पाडणाऱ्या पट्टीच्या पलीकडे ठेवावा लागतो. दार पडताक्षणी पिंजऱ्यावर जुनी चादर टाकावी लागते, कारण अंधार झाला की दोन मिनिटांत मांजर धडका देणे थांबवते. त्या दिवशी साडेआठपर्यंत त्याने सात मांजरे आणली. सातवी होती पांढऱ्या-काळ्या-नारिंगी ठिपक्यांची, काकूंच्या यादीतली ‘चिंगी’. तीन रंगांचे मांजर जवळपास नेहमी मादीच असते, त्यामुळे तिला सर्वांत आधी घ्यायचे असे मी ठरवले होते, पण पिंजऱ्यात ती इतकी अंग चोरून बसली होती की पोट दिसत नव्हते, आणि आधी तपासणी झालेल्या दोन बोक्यांची भूल तयार होती. तिची पाळी अकरा वाजता आली.

भूल चढल्यावर तिला उताणे केले आणि माझा हात थांबला. सड तटतटले होते. जरा दाबताच दूध आले. ज्या मांजरीला पिल्ले नुकतीच लुचून गेलेली असतात तिच्या सडांभोवतीचे केस ओलसर आणि चिकटलेले असतात, पण हिचे कोरडे होते. पुढच्या दोन्ही पंजांची नखे टोकाशी फाटून रक्ताळली होती. पिंजऱ्यात धडपडणारी मांजरे नखे मोडून घेतात, ते आम्ही रोज पाहतो, म्हणून मी तेच कारण धरले. उजव्या पंजाच्या एका नखात हिरव्या नायलॉनचा बोटभर धागा अडकला होता. तो मी चिमट्याने ओढून काढला आणि वापरलेल्या बोळ्यांच्या ट्रेमध्ये टाकला.

अशा वेळी शस्त्रक्रिया करायची की नाही, हा प्रश्न बाहेरच्यांना क्रूर वाटतो, पण त्याचे उत्तर सरळ आहे. अंडाशय काढल्याने दूध आटत नाही, आणि भूल तर दिलेलीच होती. ही मांजरी पुन्हा पिंजऱ्यात येईलच याची खात्री नसते. दूध भरलेल्या मांजरीत पोटाच्या मध्यरेषेवर छेद घेतला तर तो सुजलेल्या स्तनग्रंथींतून जातो, म्हणून मी कुशीतून सुमारे दोन सेंटिमीटरचा छेद घेतला, आत विरघळणारे टाके घातले आणि डाव्या कानाचे टोक सरळ कापून खूण केली. एरवी मांजर चोवीस तास ठेवतो. तिला भूल उतरवणारे इंजेक्शन दिले, गरम पाण्याच्या पिशव्यांमध्ये ठेवले आणि संध्याकाळी सोडायचे ठरवले.

मग काकूंना फोन लावला. त्या आधी काही बोलल्या नाहीत, मग रडू लागल्या. दहा दिवसांपूर्वी चिंगीचे पोट उतरलेले त्यांनी पाहिले होते. पिल्ले कुठे आहेत ते त्यांना ठाऊक नव्हते, आणि त्यांनी शोधलेही नव्हते, कारण आपण जिथे वाकून पाहू तिथे दुसरे कोणीतरी पाहील आणि पिल्ले गोणीत भरून खाडीवर सोडून देईल, अशी भीती त्यांना वाटत होती. ‘मांजर सात घरं फिरवते डॉक्टर, मला वाटलं तिनं नेली असतील कुठंतरी सुरक्षित,’ असे त्या म्हणाल्या. अर्जात ‘नाही’ त्यांनी भीतीने लिहिले होते. मी त्यांना बोल लावला नाही, पण त्या एका शब्दामुळे आमचा सगळा क्रम चुकला होता हे खरे आहे.

दुपारभर त्यांनी, वॉचमनने आणि आमच्या मुलाने गच्ची, मीटरची खोली, पंपाची खोली आणि प्रत्येक स्कूटरखालची जागा पालथी घातली. न्हाणीघरांच्या मागचा डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली अरुंद पोकळी, कोणी पाहिला नाही. तिथे आदल्या संध्याकाळी कबुतरांची जाळी लावलेली होती, आणि जाळी असलेल्या जागी मांजर जाणार कसे, असे सर्वांनी धरून चालले. आमच्या पकडणाऱ्या मुलाने फोनवर मला तसे सांगितलेही. जाळीचा रंग मी विचारला नाही.

साडेपाच वाजता मी स्वतः पिंजरा घेऊन गेलो आणि जिन्याखाली दार उघडले. काकूंनी ठेवलेल्या मांदेलीकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. पावले अजून अडखळत होती, तरी ती भिंतीच्या कडेने इमारतीच्या मागे गेली, डक्टच्या तोंडाशी बसली आणि हिरवी जाळी पंजाने ओरबाडू लागली. खालच्या कोपऱ्यात चार-पाच चौकटींचे दोरे आधीच विस्कटलेले होते.

काका खिडकीत उभे होते. ते काही न विचारता आत गेले, भाजी चिरायची सुरी घेऊन बाहेर आले आणि गुडघ्यांवर बसून त्यांनी स्वतः जाळी कापली. मी टॉर्च धरला. सांडपाण्याच्या पाइपामागे, प्लंबरने टाकून दिलेल्या गोणपाटावर तीन पिल्ले होती. दहा-बारा दिवसांची, डोळे नुकते किलकिले झालेली. त्यांतले एक मरून थंड पडले होते. उरलेली दोन मी शर्टाच्या आत छातीशी धरली, कारण गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी लागते, त्याशिवाय दूध पचत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी ती वळवळू लागली तेव्हा आईपाशी ठेवली. ती लगेच आडवी झाली आणि पिल्ले लुचू लागली. ‘रात्री चीं-चीं ऐकू येत होतं,’ काका म्हणाले, ‘मला उंदीर वाटले.’ काकूंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरू शकत नाही. पण मला काकांचे खरे वाटले. हा आवाज मी झोपेतही ओळखेन, त्यांनी का ओळखावा? जाळी सोसायटीच्या ठरावाने आणि सोसायटीच्या पैशाने लागली होती. डक्टमध्ये आधी डोकावून पाहा, हे जाळीवाल्याला कोणीही सांगितले नव्हते.

पुढच्या दोन आठवड्यांत उरलेली चार मांजरे आम्ही पकडली. सेक्रेटरींनी दंडाचा कागद काढला आणि पंपाच्या खोलीमागे जागा ठरवली. सकाळी सात आणि रात्री साडेआठ अशा वेळा ठरल्या, आणि अर्ध्या तासात ताटल्या उचलायच्या असेही ठरले. महिन्याभरात खिडकीखालचा वास पुष्कळ कमी झाला, असे काकांच्या सुनेने सांगितले. काका आणि काकू अजून एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्या अर्जात मी एक प्रश्न वाढवला आहे, गेल्या तीन दिवसांत इमारतीतली कोणती फट, झाकण किंवा जाळी बंद केली आहे का, आणि तो मी आता खायला घालणाऱ्यांबरोबर तक्रारदारालाही स्वतंत्रपणे विचारतो.

जानेवारीत एके दिवशी काकांचा फोन आला. पिल्ले बरी आहेत, एक नारिंगी निघाले, असे सांगून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, ‘डॉक्टर, दुपारी जाळी काढली असती तर तिसरं वाचलं असतं का?’ मी म्हणालो की ते रात्री गेले की दुपारी, हे आता सांगता येणार नाही. ते खरेच होते. अकरा वाजता तो धागा माझ्या चिमट्यात होता, हे मात्र मी त्यांना अजून सांगितलेले नाही.