जावाचा वाघ आणि कुंपणाला अडकलेला केस

ऑगस्ट 2019. इंडोनेशियाच्या जावा बेटावरचा वाघ नामशेष झाला असं मानलं जातं. तरीही पश्चिम जावातल्या सुकाबुमी भागात चिपेंदेउय गावाजवळ वाघ दिसल्याचं रहिवाशांनी सांगितलं. तो जिथून उडी मारून गेला, त्या कुंपणाला एक केस अडकलेला सापडला. त्या केसाच्या डीएनएवर 2024 मध्ये शोधनिबंध छापून आला आणि 'जावाचा वाघ जिवंत' अशी बातमी जगभर फिरली.

खरं असतं तर किती बरं झालं असतं! पण तो निबंध नीट वाचला की पाय अडखळतो. केसातला मायटोकाँड्रियल डीएनए (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रिया या सूक्ष्म भागांतला डीएनए) शेजारच्या सुमात्रा बेटावरच्या वाघाशी सुमारे 97 टक्के जुळला. ऐकायला हे भरपूर वाटतं, पण वाघांच्या बाबतीत ते फार कमी आहे. सायबेरियाचा वाघ घ्या, नाहीतर ताडोबाचा. या डीएनएत एक टक्काही फरक पडत नाही. त्यातून जावा आणि सुमात्राचे वाघ तर अगदी सख्खे. मग हा तीन टक्क्यांचा फरक आला कुठून? इतर जनुकतज्ज्ञांनी नेमका हाच आक्षेप घेतला.

एक शक्यता अशी. मांजरकुळात मायटोकाँड्रियाच्या डीएनएचे तुकडे फार पूर्वी पेशीकेंद्रकात जाऊन बसलेले आहेत. तिथे ते वेगळ्या वाटेने बदलत गेले. प्रयोगशाळेत चुकून अशा तुकड्याच्याच प्रती निघाल्या, तर डीएनएचा क्रम वाघासारखा दिसतो पण कुठल्याच वाघाशी जुळत नाही. दुसऱ्या नमुन्याची भेसळ झाली तरी गोंधळ होतोच.

जंगलातला हिशेबही जुळत नाही. जावात वाघाचे शेवटचे भरवशाचे पुरावे 1976 च्या सुमाराचे, पूर्वेकडच्या मेरू बेतिरीच्या जंगलातले. ठशांवरून तिथे तेव्हा तीनच वाघ असावेत असा अंदाज होता. जंगलं सागाच्या लागवडीखाली आणि मळ्यांखाली गेली होती, वाघाचं भक्ष्य असलेली रुसा हरणं रोगाने घटली होती, वाघांवर विषप्रयोगही झाले होते. जंगलातला वाघ साधारण दहा ते पंधरा वर्षं जगतो. 2019 पर्यंत वाघ टिकायचा, तर मधल्या 43 वर्षांत नर-मादी आणि बछडे हवेतच. एक वाघ वर्षाला साधारण 50 मोठी जनावरं मारतो, म्हणजे दहा वाघांना 500. इतकी शिकार पंधरा कोटींहून जास्त वस्तीच्या बेटावर लपून राहील?

अफवा उठण्याचं मोठं कारण बिबट्या. जावात तो आजही आहे, आणि 'माचान' हा शब्द दोघांनाही चालतो: पट्टेरी तो 'माचान लोरेंग', ठिपक्यांचा 'माचान तुतुल'. आपल्याकडे जुन्नरला 'वाघ आला' म्हणतात तेव्हा आलेला असतो बिबट्या, तसंच हे. जावाच्या पश्चिम टोकाच्या उजुंग कुलोन राष्ट्रीय उद्यानात 2017 साली चित्रित झालेला 'वाघ'ही तज्ज्ञांनी बिबट्याच ठरवला. चिखलात ठसा पसरतो, आणि बिबट्याचं पाऊल वाघाएवढं दिसू लागतं.

म्हणून केस सापडलाच तर आधी हातमोजे, मग चिमटा. जमिनीपासूनची उंची मोजायची, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा. केस कागदी पाकिटात, सोबत ओलावा शोषणारं सिलिका जेल. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए तुटतो. मुळाची गाठ कापायची नाही. केंद्रकातला डीएनए मुख्यतः तिथेच मिळतो. एकच केस असेल तर त्यातून काढलेला डीएनएचा अर्क दोन प्रयोगशाळांत वाटून द्यायचा, आणि एका जनुकावर न थांबता पूर्ण मायटोकाँड्रियल क्रम काढायचा.

त्याच आठवड्यात जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावायचे, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना जोडीने, जमिनीपासून साधारण 45 सेंटिमीटरवर. वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात, एका बाजूच्या फोटोवरून नंतर ओळख पटवताना अडतं. भारतातल्या गणनेत दर 2 चौरस किलोमीटरला अशी एक जोडी असते. जावात एवढी दाटी झेपली नाही, तरी निदान ओढ्याकाठच्या वाटा सोडू नयेत. भर दुपारी जमीन तापली की सेन्सरला जनावराच्या अंगाची ऊब वेगळी कळत नाही, त्यामुळे कॅमेरा उन्हात उघडा ठेवायचा नाही. पट्टे नाही दिसले तरी ठिपके दिसतील, आणि जावाच्या बिबट्याची मोजणीही आजच व्हायला हवी आहे.