एकपात्री ऑपेरा, तिसरा खर्डा: बुडालेल्या बहिणीची चाल

मी लिहीत असलेल्या एकपात्री ऑपेराबद्दलच्या मागच्या नोंदीत नायिकेचे रचलेले खोटे आयुष्य आधी आणि कबुली नंतर, अशी दोन भागांची मांडणी मी सांगितली होती. ती आता मोडीत काढली आहे. नव्या खर्ड्यात नायिका पहिल्याच वाक्यात "लहानपणी बुडालेली माझी बहीण कधीच नव्हती" असे सांगून टाकते, आणि पुढची बावीस मिनिटे कबुली देता देताच पुन्हा त्या बहिणीची वेणी, तिचा आवाज, तिची भीती रंगवू लागते.

आधी खोट्या आठवणींना मी क्लॅरिनेटचे बेसूर स्वर दिले होते, ही ढोबळ चूक होती, कारण श्रोत्याला उत्तर आयतेच मिळत होते. आता सर्वांत गोड चाल त्या नसलेल्या बहिणीलाच दिली असून खरे बोलणे साथीशिवाय, जवळजवळ बोलल्यासारखे येते. मात्र साथ थांबली की खरे, हा संकेत कान पाच मिनिटांत ओळखतात. म्हणून एका ठिकाणी पियानो आणि चेलो दोन्ही थांबवून तिला तिथेच नवे खोटे बोलायला लावले आहे.

फ्रेंच संगीतकार फ्रान्सिस पुलांकच्या १९५९ मधील 'ला व्वा ह्युमेन' (La voix humaine) या एकपात्री ऑपेराचा अभ्यास इथे फार उपयोगी पडला. त्यातील एकटी स्त्री फोनवर प्रियकराला आपण मैत्रिणीकडे जेवून आल्याचे सांगते आणि पुढे स्वतःच ते खोटे असल्याचे कबूल करते. त्या स्वरलिपीत फर्माटा, म्हणजे मोजमाप न देता लांबवायचे थांबे, किती लांबवायचे, हे वाद्यवृंदाच्या संचालकाने गायिकेबरोबर आधीच ठरवावे, अशी पुलांकची सूचना आहे. मीही मोजून लिहिलेली मौनाची मात्रा काढून तिथे असेच थांबे घातले.

सर्वांत जास्त वेळ "नव्हती" या एका शब्दाने खाल्ला. तो मी हौसेने तारसप्तकात नेला होता, पण स्त्रीचा आवाज फार वर गेला की अ, इ, उ अशा अक्षरांतल्या स्वरांचे उच्चार एकमेकांत मिसळतात, आणि ज्या शब्दावर सगळे नाटक उभे आहे तोच माझ्या मैत्रिणीच्या वाचनात कळेना. तो एक सप्तक खाली आणला. सलग गाणाऱ्या मेझो-सोप्रानोला (मध्यम उंचीच्या आवाजाच्या गायिकेला) दम घेता यावा म्हणून चेलोचा दीड मिनिटाचा तुकडाही मध्ये घातला आहे.

शेवट अजून लिहिलेला नाही. ती स्वतःचे खरे नाव सांगते, एवढे ठरले आहे. ते कोणत्या चालीवर, यासाठी दोन आराखडे समोर आहेत, आणि त्यांपैकी एक बहिणीच्याच चालीचा आहे.