काळी पाच

मी पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करतो. संभाजीनगरात गुलमंडीच्या मागं छोटं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गिऱ्हाईक म्हणजे भजनी मंडळं, कीर्तनकार, सप्तेवाले. पैठणच्या नाथषष्ठीच्या आधी तर जेवायला फुरसत नसते, कुणाचा भाता उंदरानं कुरतडलेला, कुणी पेटीवर चहा सांडलेला. नाटकाचा ऑर्गन मात्र पाच-सहा वर्षांत एखादा. म्हणून एप्रिलमध्ये भर दुपारी फोन आला की रात्री साडेनऊला संगीत सौभद्रचा प्रयोग आहे अन् ऑर्गन बोलत नाही, तसा मी ताटावरून उठलोच.

नाट्यगृहाचं नाव लिहीत नाही. शहरातलं जुनं आहे, वडिलांबरोबर पहिलं नाटक मी तिथंच पाहिलं. आता एसी बंद, मखमली पडद्याला हात लावला की झडतो, मेकअप रूमच्या नळाला पाणी नाही. आपल्याकडं चांगली नाटकं येत नाहीत म्हणून सगळे रडतात, येतील कशी? एक पोरगा आहे तिथं झाडलोटीला, त्यानं माझ्यासाठी बाहेरून पाण्याची बाटली आणली अन् मी काम करत होतो तोवर दोनदा स्टेज झाडलं.

ऑर्गन टेम्पोतून चिपळूणहून आलेला. तिकडच्या दमट हवेत लाकूड फुगतं अन् आपल्याकडं ४० च्या वर पारा, दोन दिवसांत तेच लाकूड आकसतं, जोडातून हवा पळते, पाय मारून मारून दमा पण सूर धड उठत नाही. भात्याच्या घडीला चामडं फाटलेलं, तिथं पातळ मेंढीचं चामडं सरसानं चिकटवलं, जोड बुजवले, इथपर्यंत ठीक. मग सूर, म्हणजे चौकटीत बसवलेली पितळी जीभ, ती थरथरली की स्वर निघतो. आपली पेटी हवा बाहेर फेकते, ऑर्गन आत ओढतो. म्हणजे ज्या स्टेजवर जाईल तिथली धूळ पोटात घेतो. आकड्यानं एकेक पितळी सूर ओढून काढायचा, ब्रशनं झाडायचा, परत खोचायचा. स्वर उतरला असेल तर जिभेचं टोक घासायचं, चढला असेल तर मुळाशी. जीभ अन् चौकट यांच्यात फट असते केसाएवढी. असे एकवीस सूर काढले. ब्रश माझा जुना दाढीचा, माझा पोरगा वर्षभर म्हणतोय बाबा हा फेका आता.

तिसऱ्या घंटेला सगळे सूर बोलत होते. ऑर्गनवाले काका, सत्तरीच्या पुढचे, त्यांनी एकदा वरून खालपर्यंत बोटं फिरवली अन् माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. मी दुसऱ्या रांगेत बसलो. १८८२ सालचं नाटक अन् बाल्कनीत कॉलेजची पोरं, बरं वाटलं.

रुक्मिणीच्या महालात श्रीकृष्णाचं ‘प्रिये पहा’ सुरू झालं अन् दुसऱ्याच ओळीला मला कळलं. काळी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी काळी कळ, मुकी झाली. आता बघा, कृष्णाची पट्टी काळी एक, त्याचा सा तिथं, म्हणजे काळी पाच हा त्याचा धैवत, ध. अन् पद देसकार रागातलं. भूप अन् देसकार यांचे पाचही स्वर तेच, भूपाचा जीव गंधारात, देसकाराचा धैवतात. निषाद गेला असता तर कुणाला पत्ता लागला नसता, देसकारात निषाद नसतोच. पण गेला तो धैवत, तोही मधल्या सप्तकातला. मला खुर्चीत घाम फुटला.

काकांनी काय केलं, तर धैवत सोडूनच दिला. पंचमावरून थेट वरच्या षड्जावर जायचे, मधली जागा मोकळी, अन् गाणाऱ्यानं दोन आवर्तनांत ते ओळखलं, त्या मोकळ्या जागेत तो धैवतावर जाऊन उभा राहायला लागला. लोक खूश! वन्स मोअर आला. मी एकटाच मनात म्हणत होतो नको रे बाबांनो. दुसऱ्यांदा त्यानं धैवत आणखी लांबवला, आख्खं थिएटर शांत. आजवर मी इतक्या पेट्या लावल्या पण उघडा धैवत असा कधी ऐकला नव्हता, अन् तो माझ्या चुकीमुळं ऐकला, हे मला अजून नीट पचत नाही.

प्रयोग संपल्यावर सूर ओढून काढला. जिभेखाली एक केस. पांढरा, टोकाला काळा. माझ्याच ब्रशचा.

व्यवस्थापक डोक्यावर उभे होते. काय झालं होतं? माझ्या तोंडून निघून गेलं, धूळ हो, या नाट्यगृहाची. त्यांनी लगेच मानलं, कुणीही मानलं असतं, तिथं बघाल तिकडं धूळच. वाटलंच मला, म्हणाले, अन् त्या झाडणाऱ्या पोराला बोलावून सगळ्यांसमोर झाप झाप झापलं. तो खाली बघत उभा. मी केस खिशात घातला. काका काही बोलले नाहीत, माझा ब्रश उचलून त्यांनी नीट न्याहाळला अन् स्वतःच्या हातानं माझ्या पिशवीत ठेवला. पैसे पूर्ण दिले, वर गाडीभाडंही.

गेल्या आठवड्यात एका शाळेच्या गॅदरिंगसाठी पेटी पोचवायला तिथं गेलो. पोरगा पायऱ्या झाडत होता. मला बघून थांबला. म्हणाला, मास्तर, एक विचारू का, मी दोनदा झाडलं होतं त्या दिवशी, मग ती धूळ आत गेली कुठून?

मी म्हणालो, चल, चहा घेऊ.