तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी सोडून आफ्रिकेत का?

हा प्रश्न कधी व्याख्यान संपल्यावर येतो, कधी लग्नाच्या पंगतीत. "ताई, बुलढाण्याच्या बाजूला निहाली आहे, यवतमाळात कोलामी आहे. बोलणारे कमी होत चाललेत. आणि तुम्ही सगळं आयुष्य आफ्रिकेतल्या भाषांना दिलंत. का?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा राग असतो. तो राग मला आवडतो. भाषेसाठी रागावणारी माणसं फार भेटत नाहीत. म्हणून या वेळी जरा सविस्तर सांगते.

डेक्कन कॉलेजात शिकत असताना आमच्या सरांनी एकदा टेप लावली. एक बाई "ऑकॉ" म्हणाल्या. थोडं थांबून पुन्हा "ऑकॉ". असं चार वेळा. सरांनी विचारलं, किती शब्द ऐकलेत? आम्ही म्हटलं, एक. ते म्हणाले, चार. नवरा, कुदळ, गाडी आणि भाला. भाषा नायजेरियातली योरुबा. अक्षरं तीच, फक्त सूर वेगळे: दोन्ही अक्षरं मधल्या सुरात म्हटली की नवरा, दुसरं उंच गेलं की कुदळ, दुसरं खाली उतरलं की गाडी, दोन्ही खाली म्हटली की भाला. मी आजीच्या जात्याशेजारी ओव्या ऐकत वाढलेली, कान चांगला आहे असं समजणारी. ती टेप मी त्या दिवशी दहा-बारा वेळा ऐकली आणि मला एकच शब्द ऐकू येत राहिला. तो दिवस मी विसरले नाही. आवाज समोर आहे, मशीनमधून स्वच्छ येतो आहे आणि तरी आपल्यापर्यंत पोचत नाही, हे कसं होतं? माझं पुढचं सगळं काम या एका प्रश्नातून निघालं.

नायजेरियात इबादान शहरात गेले तेव्हा पहिल्या तीन आठवड्यांत चारशेच्या वर शब्द वहीत उतरवले. ज्यांच्याकडून शब्द घेत होते त्या निवृत्त शिक्षिका होत्या. मी त्यांना तिथल्या रीतीनं 'इया' म्हणजे आई म्हणायची. एका दुपारी त्यांनी वही मागून घेतली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. इग्बा. "यातला कुठला?" इग्बा म्हणजे दोनशे, इग्बा म्हणजे भोपळ्याचं भांडं, वेळ, दोरी, वांग्यासारखं एक फळ. सूर मी लिहिलेच नव्हते. अर्थ बाजूला होते, पण कुठल्या अर्थाला कुठला सूर ते त्या कागदावर कुठेच नव्हतं. चारशे शब्दांची वही बाजूला ठेवून मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मग इयांनी मला ऐकायला शिकवलं. "शब्द सोड. तोंड मीट आणि नुसतं गुणगुण." त्या गुणगुणायच्या, मी गुणगुणायची. व्यंजनं गेली की उरतो तो नुसता सूर, आणि तिथे लपायला जागा नसते. दीड महिन्यानं एका सकाळी ते चार "ऑकॉ" मला चार वेगळे शब्द म्हणून ऐकू आले, प्रयत्न न करता. आज ते एक म्हणून ऐकायचे ठरवलं तरी जमत नाही.

आता हे नुसतं कुतूहल नाही. सुराच्या भाषा आफ्रिकेत शेकड्यांनी आहेत आणि त्यांनी ध्वनीविषयीचा आपला विचारच बदलला. पूर्वी समजूत अशी होती की सूर हा त्या त्या स्वराचा गुण, कापडाला रंग असावा तसा. (मराठीत व्याकरणातलाही 'स्वर' आणि गाण्यातलाही 'स्वर', हे दोन इथे वेगळे ठेवायला लागतात, म्हणून मी सूर म्हणते.) पण पश्चिम आफ्रिकेतल्या कितीतरी भाषांत बोलताना एखादा स्वर गळून पडतो आणि त्याचा सूर मात्र मागे राहतो, शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. रंग कापडाचाच असता तर कापडाबरोबर गेला असता. सिएरा लिओनमधली मेंडे भाषा घ्या. 'म्बू' म्हणजे घुबड, 'ङ्गिला' म्हणजे कुत्रा, 'फेलामा' म्हणजे दोन वाटा मिळतात ती जागा. एक, दोन आणि तीन अक्षरांचे हे शब्द, पण तिघांवर एकच उतरता सूर. एकाक्षरी शब्दात उंच आणि खालचा दोन्ही त्या एकाच अक्षरात, मोठ्या शब्दात ते पसरतात.

हे वाचलं तेव्हा मी उठून उभी राहिले होते. ही तर चाल! आजीच्या ओवीत एका ओळीत अक्षरं कमी, दुसरीत जास्त, पण चाल तीच. कुठे एका अक्षरावर दोन सूर, कुठे चार अक्षरं एका सुरात. चाल वेगळी, शब्द वेगळे, आणि म्हणणारी बाई त्यांची गाठ घालते. विल्यम लेबन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये आणि जॉन गोल्डस्मिथ यांनी १९७६ मध्ये, दोघांनीही अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधांत, सुराची ओळ अक्षरांच्या ओळीपासून सुटी करून दाखवली. त्यामागे मेंडे, इग्बो अशा भाषा होत्या. आज जगातल्या कुठल्याही भाषेचा सूर अभ्यासायचा तर या वाटेवरून जावं लागतं.

आफ्रिकेतल्या काही भाषांत जीभ चटकन सोडवून केलेले आवाजही शब्दांत येतात, त्यांना क्लिक म्हणतात. त्यांविषयीही लोक हटकून विचारतात, करून दाखवा म्हणतात. दाखवते. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेतला एक क्लिक म्हणजे आपण हळहळताना करतो ती चुकचुक, आणि 'खोसा' या नावाच्या सुरुवातीचा म्हणजे टांगेवाला घोड्याला चालवताना गालाशी करतो तो आवाज. आपल्या तोंडाला दोन्ही येतात. त्यांचे शब्द मात्र आपण केले नाहीत.

पुढची काही वर्षं झिम्बाब्वेत शोना भाषेवर गेली. तिथे अनुभव अगदी उलटा. इंग्रजी मातृभाषा असलेले एक सहकारी आणि मी एकाच ध्वनिमुद्रणावर बसलो होतो. 'कुटुंब' या शब्दासाठी त्यांनी 'मुरी' लिहिलं, मी 'म्हुरी'. 'दुःख' या शब्दाला त्यांचं 'नामो', माझं 'न्हामो'. म्हैस, म्हातारी, न्हाणी म्हणत वाढलेल्या माणसाला हे म्ह-न्ह शिकवायला लागत नाहीत. बसला शोनात 'भाझी' म्हणतात, पुस्तकाला 'भुकू', आणि तो भ सोडवायलाही मला कष्ट पडले नाहीत. मराठीनं मला हे फुकट दिलं होतं.

पण मराठीनं तिथेच एक झाकूनही ठेवलं. वडलांना शोनात 'बाबा' म्हणतात. इतका ओळखीचा शब्द, मी डोळे मिटून ब लिहीत गेले. तो आपला ब नव्हेच. त्यात ओठ उघडताना श्वास आत ओढला जातो, सिंधीत असे ध्वनी आहेत. सवयीच्या शब्दाआड तो कित्येक दिवस दडून राहिला. क्लेमेंट डोक या भाषाशास्त्रज्ञांनी शोनाच्या लेखनावरच्या १९३१ च्या आपल्या अहवालात या ब साठी आणि अशाच ड साठी वेगळी अक्षरं सुचवली होती, आणि शिट्टीसकट येणाऱ्या शोनातल्या स साठीही. ती अक्षरं १९५५ मध्ये लिपीतून काढली गेली. आज साध्या रोमन अक्षरांच्या जोड्यांनी काम भागवतात, आणि मला वाटतं ते बरंच झालं; टाइपरायटरवर नसलेलं अक्षर शाळेतल्या मुलापर्यंत पोचत नाही.

तुमच्या प्रश्नाचं आणखी एक उत्तर या भ-म्ह मध्येच आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूसारख्या भाषांत असे सश्वास, म्हणजे श्वासासकट येणारे, ध्वनी शेजारचा सूर खाली ओढतात. आता पंजाबी माणसाला 'घोडा' म्हणायला सांगा. तो 'कोडा'च्या जवळचं काहीतरी म्हणेल, खालच्या सुरात. घ मधला श्वास गेला आणि त्यानं खाली ओढलेला सूर मागे राहून अर्थ सांभाळू लागला. झुलू ऐकल्यावर मी पंजाबी ऐकली, आणि मग स्वतःचा 'भात' ऐकला. सूर जरासा खाली जातो. साठ वर्षं भात म्हणते आहे, मला ते आफ्रिकेत कळलं.

लिपीविषयी मी थोडी हट्टी आहे. योरुबाचा शब्दसंग्रह आणि व्याकरण १८४३ मध्ये सॅम्युएल अजायी क्राउथर यांनी छापलं. ते स्वतः योरुबा; १८२१ मध्ये लहानपणी गुलाम म्हणून पकडून नेलेले, पुढे जहाजावरून सुटका होऊन सिएरा लिओनला पोचलेले. सुराच्या खुणा आज योरुबाच्या लेखनात आहेत, पण फोनवर आणि रोजच्या मजकुरात बहुतेक वेळा गाळल्या जातात. संदर्भानं कळतं, असं सांगतात. आपणही 'जरा थांब' आणि 'जरा-मरण' यांतला ज एकाच अक्षरानं लिहितो आणि आपलं अडत नाही, हे खरं. पण मराठीत अशी अक्षरं थोडी. योरुबात प्रत्येक अक्षराला सूर आहे. तो गाळला की नव्यानं वाचायला शिकणाऱ्या मुलाला ओळ दोनदा वाचावी लागते: एकदा शब्द शोधायला, एकदा अर्थ लावायला. मशीनला ती वाचायला लावली तर तेही भलतंच बोलतं. खुणा लिहायला हव्यात.

निहालीवर मी काम केलं नाही, हे मात्र खरं आहे. त्याचं समर्थन करत नाही. विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी गुणगुणायला लावते, मग ते कोलामीकडे जावोत की कुठेही.

एक दिवस नायजेरियातच ओयो या गावी बारशाला गेले होते. तिथला वादक काखेत दुंदुन घेऊन आला. डमरूच्या आकाराचा तो ढोल, काखेत दोऱ्या आवळल्या की सूर चढतो, सोडल्या की उतरतो, आणि त्यातून तो चक्क बोलतो. पाहुण्यांची नावं वाजवत तो माझ्यापाशी आला. नाव सांगितलं. त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि विचारलं, याचा सूर कुठला? मी म्हटलं, आमच्या नावांना सूर नसतो. ते त्याला पटेना. "घरी तुला हाक कशी मारतात?"

मग मी तिथे, सगळ्यांसमोर, आई दिवेलागणीला दारात उभी राहून मारायची तशी हाक मारली. त्यानं मान कलती करून ऐकली, दोऱ्या आवळल्या आणि वाजवली. शेवटचं अक्षर आई जितकं लांबवायची, तितकंच.